रात्रीचा जमाखर्च

बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र या तिहींची वाखाणणी उत्तर हिंदुस्थानात पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. पैकी पहिल्या दोन आम्ही वाटसरू म्हणून पाहिल्या. तिसरी मात्र आमच्या वाट्याला जन्मतःच आली. होळकरांच्या मागोमाग ज्यांचे पूर्वज नर्मदा ओलांडून इकडे आले आणि इकडचेच होऊन राहिले, अशा आम्हां इंदूरच्या मराठी घरांना या रात्रीचा अभिमान थोडा अधिकच. दिवस कितीही तापो, गच्चीवर पाणी शिंपडून ओळीने गाद्या घातल्या की मध्यरात्रीच्या सुमारास वारा सुटतो आणि उशापायथ्याशी पांघरूण चाचपावे लागते. रामबागेतल्या आमच्या जुन्या घराच्या गच्चीवर अशा कित्येक रात्री गेल्या. त्या रात्रींना एक साथसंगतही असे. ती म्हणजे आमच्या थोरल्या बंधूंच्या, अण्णांच्या, घोरण्याची.

ते घोरणे हा आमच्या घरात कौतुकाचा विषय होता. खांडव्याहून महूकडे येणारी मीटर गेजची गाडी ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे चटकन समजेल. घाटाखालच्या कालाकुंडला ती थांबे. मग पाताळपाणीचा चढ चढू लागे. धापा टाकीत, कण्हत, एका लयीत वर जाई, मध्येच अडखळून उभी राहिल्यासारखी होई, सारे शांत होई, आणि मग एक मोठा हिसका देऊन पुन्हा चालू लागे. अण्णांचे घोरणे नेमके याच चालीवर चाले. आवाज मध्येच बंद पडला की गच्चीवरची मुले अंथरुणातूनच ओरडत, ‘‘गाडी थांबली! कालाकुंडचा कलाकंद घ्या!’’ आणि हिसका बसून गाडी सुटली की हशा पिके. त्या हशात आमचाही आवाज असे, हे आज लिहिताना लेखणी अडखळते. कारण ज्या क्षणी आम्ही हसत होतो, त्या क्षणी एका माणसाचा श्वास खरोखरीच बंद पडलेला होता.

परंतु आज सांगावयाची आहे ती नुसत्या घोरण्याची गोष्ट नव्हे. ती रक्ताची गोष्ट आहे.

तीन वर्षांपूर्वी मुलांच्या आग्रहावरून अण्णांनी आणि वहिनींनी रक्त तपासून घेतले. अण्णांना तेव्हा अडुसष्टावे लागले होते. संध्याकाळी एकाच लिफाफ्यातून दोघांचे कागद आले. अण्णांचे हिमोग्लोबिन १७.८, वहिनींचे ९.४. आपल्याकडे हिमोग्लोबिन म्हणजे परीक्षेतले गुण, जितके जास्त तितके चांगले, अशी एक समजूत आहे. त्या समजुतीला धरून घरात निकाल लागला. अण्णा पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. ‘‘अडुसष्टाव्या वर्षी हे रक्त आहे म्हटलं!’’ असे म्हणत त्यांनी तो कागद सकाळच्या पोहे-जिलेबीच्या मंडळींत फिरवून आणला. वहिनींना सर्वांनी पालेभाजी आणि गूळ खाण्याचा उपदेश केला आणि तो कागद देव्हाऱ्याखालच्या खणात गेला.

वास्तविक त्या दोन्ही कागदांवर काळजी करण्याजोगे काही तरी लिहिलेले होते. स्त्रियांचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला पांडुरोग म्हणतात, आणि २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रिया या रेषेखाली आढळल्या. इतक्या घरांत जी गोष्ट आहे ती दुखणे वाटेनाशी होते. आणि दुसऱ्या टोकाला, पुरुषांमध्ये १६.५ च्या वर गेलेले हिमोग्लोबिन हे शरीरसंपदेचे लक्षण नसून, त्याचे कारण शोधले पाहिजे असा संकेत आहे. अण्णांच्या रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण, ज्याला हेमॅटोक्रिट म्हणतात, ५४ टक्के होते. पुरुषांत ते ४९ च्या वर असू नये. त्यांचे रक्त चांगले नव्हते. दाट झाले होते.

एका स्नेह्याने हे ओळखले, पण उपाय सुचविला तो असा, की ‘‘रक्तदान करून टाका, आपोआप पातळ होईल.’’ अण्णा उत्साहाने रक्तपेढीत गेले. रक्तदात्याचे वय पासष्टाच्या आत असावे लागते, असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. त्याचा त्यांना थोडा रागच आला. तो विषय तिथेच संपला असता. परंतु पुढच्याच वैशाखात ठाण्याला एका भाच्याची मुंज निघाली, आणि आम्ही सर्वजण अवंतिका एक्सप्रेसने निघालो.

रेल्वेच्या डब्यात अण्णांचे घोरणे म्हणजे आम्हांस नेहमीच संकोचाची बाब. समोरच्या बाकावर उज्जैनहून बसलेल्या एक वयस्क बाई होत्या. पस्तीस वर्षे रुग्णालयात परिचारिकेचे काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. बोरिवली मागे पडून मंडळी आवराआवर करू लागली तेव्हा त्या वहिनींजवळ येऊन बसल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, ‘‘ताई, राग मानू नका. यांचा श्वास रात्री थांबतो, तुम्हांला ठाऊक आहे का? मी घड्याळ लावून पाहिलं. एकदा तर चाळीस सेकंद.’’

वहिनी खिडकीबाहेर पाहत होत्या. त्या तशाच म्हणाल्या, ‘‘ठाऊक आहे. अकरा वर्षं मोजते आहे मी. तीसपर्यंत मोजते. तीस झाले की खांदा हलवते.’’

आम्ही शेजारीच बसलो होतो. ‘‘वहिनी, तुम्ही कधी बोलला नाहीत!’’ असे आम्ही म्हणालो. त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते अजून कानांत आहे. ‘‘भाऊजी, घरात सगळे हसत होते. मी सांगून सांगणार काय?’’

परत आल्यावर वहिनींनी एक शहाणपणाची गोष्ट केली. २०२१ च्या कोविडच्या लाटेत घरोघरी बोटाला लावण्याची ती लहानशी चिमटी, ऑक्सिमीटर, घेतली गेली होती. आमच्याकडेही ती कपाटात पडून होती. त्यांनी ती निजलेल्या अण्णांच्या बोटाला लावली आणि कालनिर्णयाच्या पानामागे पेन्सिलीने आकडे लिहीत बसल्या. जागेपणी ९४, ९५ असलेला आकडा श्वास थांबला की उतरे: ९०, ८४, ७९, ७६. मग हिसका बसे आणि आकडा चढे. तासाभराचे असे आकडे लिहिलेले ते पान घेऊन त्या छातीच्या विकारांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी ते पान फार वेळ पाहिले आणि विचारले, ‘‘यांचं हिमोग्लोबिन किती आहे?’’ श्वासाची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला रक्ताचा प्रश्न! तो प्रश्न का विचारला गेला, हेच या लेखाचे खरे सूत्र आहे.

झोपेत आपले सर्व स्नायू सैलावतात. घशाची नळी ही श्वासनलिकेसारखी कुर्च्यांच्या कड्यांनी ताणून धरलेली नसते. ती मऊ असते आणि स्नायूंच्या आधारावर उघडी राहते. मान जाड असली, जीभ व टाळू मांसल असले किंवा जबडा आखूड असला, तर सैलावलेली ही नळी श्वास ओढताना आतल्या आत मिटते. छाती श्वास घेण्याची धडपड करीत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद वा अधिक काळ असे झाले तर त्याला ॲप्निया, म्हणजे श्वासरोध, म्हणतात. प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठा आवाज करून श्वास सुटतो आणि माणूस पुन्हा झोपेत बुडतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. तासाला पाचापेक्षा कमी असे थांबे असतील तर ते सामान्य समजतात. पंधरापर्यंत सौम्य, तिसापर्यंत मध्यम, आणि त्यापुढे तीव्र.

आता यात रक्त कोठे आले? आपल्या शरीरात प्राणवायूवर पहारा ठेवण्याचे काम मूत्रपिंडांकडेही असते. रक्तातून येणारा प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे द्रव्य सोडतात. ते हाडांतील मज्जेला ‘अधिक तांबड्या पेशी तयार करा’ असा निरोप देते. वाहून नेणारे हमाल वाढले की थोडा प्राणवायूदेखील पुरवून वापरता येईल, असा हा साधा हिशेब. १८९० च्या सुमारास व्हिओ नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ पेरू देशातील उंच डोंगरांत गेला आणि थोड्याच आठवड्यांत आपल्याच रक्तातील तांबड्या पेशी पुष्कळ वाढल्याचे त्याला आढळले. पेशी प्राणवायूची उणीव ओळखतात कशा, याचा उलगडा करणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ साली वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. लेह साडेतीन हजारांवर. लेहला उतरलेल्या प्रवाशास पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावयास सांगतात. आमचे अण्णा रामबागेतल्या आपल्या पलंगावरून न उठता रोज रात्री लेहच्याही पुष्कळ वर जाऊन येत होते. आणि एकदा नव्हे, तासाला पन्नास वेळा. त्यांच्या मूत्रपिंडांना काय कळणार की हा डोंगर नसून घशाची मिटलेली नळी आहे? ती आपली इमानेइतबारे निरोप धाडीत होती.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. म्हणजे आज बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबात गेल्या चार महिन्यांच्या रात्रींची नोंद असते. दुकानदार जसा दिवसभराचा व्यवहार रात्री वहीत उतरवितो, तसा शरीर रात्रीचा व्यवहार रक्तात उतरवीत असते. अण्णा जी वही अभिमानाने मित्रांना दाखवीत होते, तिच्यात त्यांच्या गुदमरलेल्या रात्रींचा हिशेब लिहिलेला होता.

दाट झालेले रक्त ढकलण्यास हृदयाला कष्ट पडतात. त्यातच प्रत्येक थांब्यानंतर मेंदू दचकून उठतो, तेव्हा रक्तदाब उसळतो. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो. अशा रुग्णाचा तो उतरत नाही. प्राणवायू वारंवार उतरल्या-चढल्याने रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा पोहोचते आणि रक्तातील चिकट्या, म्हणजे प्लेटलेट, अधिक लवकर एकमेकींस बिलगतात. साखरेचा तोलही बिघडतो. अर्धांगवायू, हृदयाच्या ठोक्यांची अनियमितता आणि न आवरणारा रक्तदाब या गोष्टी या विकाराच्या सोबतीने येतात, त्या अशा वाटेने.

या विकाराची ओळख पटण्याची कथाही मोठी मनोरंजक आहे. चार्ल्स डिकन्सच्या १८३६-३७ सालच्या ‘पिकविक पेपर्स’ या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ, लालबुंद चेहऱ्याचा पोऱ्या आहे. तो उभ्याउभ्या झोपतो. वाचकांची हसून मुरकुंडी वळे, जशी आमच्या गच्चीवर वळत असे. १९५६ साली अमेरिकेतील बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच एका स्थूल गृहस्थाचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पत्ते खेळताना हातात जिंकणारी पाने असूनही ते गृहस्थ झोपी गेले आणि डाव हरले, म्हणून दवाखान्यात आले. बर्वेल यांनी या दुखण्याला पिकविकचे नाव दिले. आणि ध्यानात घेण्याजोगे हे, की त्या लक्षणांच्या यादीत तांबड्या पेशींची वाढ तेव्हापासूनच होती. पुढे १९६५ साली फ्रान्समध्ये गास्तो आणि जर्मनीत युंग व कुलो यांनी झोपलेल्या रुग्णांचा श्वास प्रत्यक्ष नोंदविला आणि तो वारंवार थांबतो हे दाखविले. त्या काळी खात्रीचा उपाय एकच होता: गळ्याला भोक पाडून श्वासाला खालून वाट करून देणे. १९८० साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे डॉ. कॉलिन सलिव्हन यांना असाच एक रुग्ण भेटला. गळा कापून घेण्यास तो तयार नव्हता. तेव्हा सलिव्हन यांनी हवा फुंकणाऱ्या एका यंत्राची नळी त्याच्या नाकाला बसविली. आतून हवेचा हलका दाब राहिला, नळी मिटेना, आणि तो गृहस्थ रात्रभर स्वस्थ झोपला. १९८१ साली ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध झाला. हेच आजचे सीपॅप यंत्र.

आपल्याकडे याचे प्रमाण किती असावे? मुंबईचे डॉ. झरीर उदवाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ साली ती प्रसिद्ध केली. त्यात जवळजवळ पाचातील एकाचा श्वास झोपेत बिघडत होता, आणि साडेसात टक्के पुरुषांना दिवसाच्या पेंगीसह पूर्ण विकार जडलेला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी निवर्तले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी याच विकाराचे नाव घेतले आणि ते प्रथमच घरोघरी पोहोचले.

असो. अण्णांकडे वळू. रक्ताच्या डॉक्टरांनी आधी एक गोष्ट पक्की केली. मज्जेच्याच एका विकारात तांबड्या पेशी बेसुमार वाढतात. त्यासाठी जॅक-२ नावाची जनुकीय तपासणी करतात. ती निर्दोष आली. फुप्फुसे तपासली. सिगारेट अण्णांनी वीस वर्षांपूर्वीच सोडली होती. मग एका रात्री त्यांना अंगभर तारा चिकटवून निजविण्यात आले. निष्कर्ष निघाला: तासाला ५२ थांबे, आणि प्राणवायूची नीचांकी पातळी ७१ टक्के.

‘‘मग रक्त काढून टाकलं तर?’’ अण्णांनी पुन्हा विचारले. डॉक्टरांनी दिलेले उत्तर प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. ते म्हणाले, ‘‘मोरी तुंबली आहे आणि तुम्ही घरातलं पाणी बादलीनं बाहेर टाकताय. श्वास थांबतोय तोवर मज्जा पेशी करतच राहणार. वर शरीरातलं लोह जाईल ते वेगळंच. आधी मोरी मोकळी करू.’’

यंत्र घरी आले. किंमत एका चांगल्या शीतकपाटाइतकी. आकार पोळ्यांच्या डब्याएवढा. पहिल्या रात्री अण्णांनी ते वीस मिनिटे सहन केले आणि ‘‘हा हत्ती मला नको,’’ म्हणून सोंड काढून फेकली. दुसऱ्या रात्री नाक कोरडे पडले. तिसऱ्या रात्री मुखवट्यातून हवा फुसफुसू लागली. चौकशीअंती दोष त्यांच्या झुपकेदार मिशांकडे निघाला. चाळीस वर्षांच्या मिशा! दोन दिवस घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते. अखेर मिशा कातरून बारीक करण्यावर तडजोड झाली. त्या दिवशी मात्र त्यांनी प्रथमच कबूल केले, की मागच्या दिवाळीत बापट चौराह्यावर गाडी दुभाजकाला घासली ती गाय आडवी आल्यामुळे नव्हे. त्यांचा डोळा लागला होता. मागच्या आसनावर नातू होता. इंदूरच्या रस्त्यांवर आजकाल गाय क्वचितच दिसते, हे तेव्हा आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते.

या कबुलीनंतर यंत्राविषयीची तक्रार थांबली. हवेत ओल राखण्यासाठी त्यात ऊर्ध्वपातित पाणी घालावे लागते, मुखवटा रोज सौम्य साबणाने धुवावा लागतो, वीज गेल्यास इन्व्हर्टरची सोय हवी. हे सारे ते स्वतः करू लागले. पहिला फरक कोणता दिसला असेल? रात्री चार वेळा लघवीला उठत असत, ते एकदाच उठू लागले. हे दुखणे प्रोस्टेटचे म्हणून ते आजवर सोसत होते. बंद घशाशी छातीची ओढाताण होते तेव्हा हृदयाचे कप्पे ताणले जातात, आणि पाणी जास्त झाले असे समजून हृदय लघवी वाढविणारे द्रव्य सोडते. घसा उघडा राहिला आणि ती तक्रारही शमली.

रक्त मात्र सावकाश उतरले, आणि ते तसेच उतरावयाचे. जुन्या पेशी आपले आयुष्य संपवून गेल्याखेरीज वही कोरी कशी होणार? चार महिन्यांनी हिमोग्लोबिन १६.९ आले, वर्षाने १६.२, हेमॅटोक्रिट ४८. अण्णा सगळे श्रेय यंत्रास देऊ लागले, तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना आवरले. यंत्रामुळे होणारा हा उतार सरासरीने पाहता लहान असतो. अण्णांचे वजन वर्षात सात किलो कमी झाले, सराफ्यातली रात्री अकराची चक्कर बंद झाली, यांचाही त्यात वाटा होता. शिवाय रोज उशाशी यंत्र असून उपयोग नाही, ते तोंडावर असावे लागते. हृदयविकार किंवा अर्धांगवायू होऊन गेलेल्या सुमारे २७०० रुग्णांवरील एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. यंत्राने त्यांची दिवसाची पेंग आणि घोरणे कमी झाले, पण हृदयाचे झटके कमी झाले नाहीत. ते रुग्ण सरासरीने रात्री सव्वातीन तासांच्या आसपासच यंत्र वापरीत होते, हेही त्याच अभ्यासात नमूद आहे. यास्तव कोणी यंत्रास रामबाण म्हणू नये. आणि अर्धी रात्र लावून ते निरुपयोगी आहे असेही म्हणू नये.

इतर उपायांबद्दलही वाचक विचारतील. कुशीवर निजल्याने सौम्य विकारात पुष्कळ फरक पडतो. मद्य आणि झोपेच्या गोळ्या घसा अधिक सैल करतात; त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. २०२५ साली जयपूरच्या डॉक्टरांनी तीस रुग्णांवर शंखवादनाचा प्रयोग प्रसिद्ध केला. सहा महिने नियमाने शंख फुंकणाऱ्यांचे तासाला चार-पाच थांबे कमी झाले. ज्याला दहा थांबे आहेत त्याने शंख अवश्य फुंकावा. ज्याला बावन्न आहेत त्याने शंख फुंकून यंत्रही लावावे. अतिस्थूल रुग्णांसाठी टिर्झेपॅटाइड हे वजन उतरविणारे औषध डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत याच विकारावर मान्य झाले. त्याचा निर्णय मात्र डॉक्टरांचा. आणि हा विकार केवळ स्थूल पुरुषांचा आहे अशा भ्रमात राहू नये. आखूड जबड्याच्या सडपातळ माणसांनाही तो होतो, आणि पाळी थांबल्यानंतर स्त्रियांतही वाढतो. त्या थकव्याची तक्रार करतात, घोरण्याची नव्हे. म्हणून तो सापडत नाही.

तेव्हा वाचकहो, घरात कोणी मोठ्याने घोरत असेल, सकाळी डोके जड घेऊन उठत असेल, व्याख्यानात वा वाहन चालविताना पेंगत असेल, त्याची मान सोळा इंचांहून जाड असेल किंवा रक्तदाब तीन तीन गोळ्यांना दाद देत नसेल, तर त्याच्या हिमोग्लोबिनचा कागद एकदा पुन्हा काढून पाहा. तो आकडा चढलेला असेल तर अभिनंदन करू नका. आणि तो चढलेला नसला म्हणून निर्धास्तही राहू नका. या विकाराच्या बहुसंख्य रुग्णांचे रक्त दाट झालेले नसते. खरा साक्षीदार वेगळाच असतो. तो त्याच खोलीत निजतो, आणि त्याला सहसा कोणी विचारीत नाही.

डॉक्टरांनी मात्र विचारले. अण्णांचा वर्षाचा कागद पाहून झाल्यावर ते वहिनींकडे वळले आणि म्हणाले, ‘‘आणि बाई, तुमचं हिमोग्लोबिन किती?’’ वहिनी काही बोलेनात. तेव्हा अण्णांनी खिशातून दुसरा कागद काढला. देव्हाऱ्याखालच्या खणात पडलेला तो ९.४ चा कागद त्यांनी आपण होऊन बरोबर आणला होता. तपासणीत लोहाची उणीव निघाली, तिचे कारण शोधले गेले, औषध सुरू झाले. गेल्या महिन्यात तो आकडा ११.८ वर आला. यावेळी पोहे-जिलेबीच्या मंडळींत अण्णांनी वहिनींचा कागद फिरविला.

यंदाच्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा गच्चीवर गाद्या घातल्या. अण्णांच्या यंत्रासाठी खालून तार ओढून घेतली. बाराच्या सुमारास वारा सुटला. मुलांना गाडीचा आवाज काही ऐकू आला नाही. वहिनी केव्हाच झोपल्या होत्या.